अंगावरचा चट्टा आणि मनातली धास्ती

गुप्तरोग हा शब्द आमच्या वऱ्हाडात भिंतींवर मुबलक वाचायला मिळतो. अकोट, तेल्हारा, अंजनगाव, दर्यापूर, कुठेही जा. स्टँडजवळच्या मुतारीवर, रस्त्याकडेच्या कुंपणावर हातभर अक्षरांत तो रंगवलेला असतो. खाली एखाद्या लॉजचे नाव आणि महिन्याची तारीख. शाळेत जाणारी पोरेही तो मोठ्याने वाचत जातात. घरात मात्र हा शब्द कोणी उच्चारत नाही. बाप मुलाजवळ बोलत नाही, बायको नवऱ्याला विचारत नाही, आणि ज्याच्या अंगावर काही उठले आहे तो तर मोरीची कडी लावून, आरशाच्या तुकड्यात पाहत एकटाच झुरत राहतो. हे काय असेल? ते तर नसेल? या दोन प्रश्नांनी आमच्या किती तरुणांची झोप उडवली आहे, याचा हिशेब कोणत्याही दवाखान्याच्या रजिस्टरात सापडणार नाही. म्हणून आजच्या कुटुंब पानावर आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. ज्यांना तो या पानाला शोभत नाही असे वाटेल, त्यांनी निदान पुढे बाबासाहेबांचा उल्लेख येतो तिथपर्यंत वाचावे, एवढी विनंती.

कापसाचा हंगाम आटोपला की आमच्या भागातली तरुण मुले कामासाठी सुरतेला, पुण्याला, मुंबईला जातात. एका खोलीत आठ-दहा जण झोपतात, एकच टॉवेल तिघे वापरतात, बाराबारा तास घामात काम करतात. तिथे एखाद्याचा पाय घसरतो, एखाद्याचा घसरतही नाही, नुसता मनात विचार येऊन गेलेला असतो. गावी परत आल्यावर जांघेत खाज सुटते, लाल चट्टा दिसू लागतो. इकडे घरात साक्षगंधाची तयारी चाललेली असते. पोरगा कोणाला सांगणार? तो मेडिकलवर जातो, गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाहेर उभा राहतो आणि मग खाली मान घालून म्हणतो, "खाजीचं मलम द्या, भाऊ." भाऊ एक ट्यूब देतो. दोन दिवसांत खाज थांबते, आठवड्यात दुप्पट होऊन परत येते. आता पोराची खात्रीच पटते की आपल्याला "तो" रोग झाला. मग भिंतीवरचा लॉजचा पत्ता आठवतो.

या पोराला झालेले असते गजकर्ण. कोणी त्याला नायटा म्हणतात. ही एक प्रकारची बुरशी आहे. जिथे घाम साचतो, कपडा घट्ट बसतो, हवा लागत नाही, तिथे ती वाढते. चट्ट्याची कड लाल व उंचावलेली आणि मधला भाग थोडा बरा झाल्यासारखा दिसतो. त्याचा चारित्र्याशी काडीचाही संबंध नाही. मेडिकलवर मिळणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज दबते, पण बुरशीला रान मोकळे मिळते. असे बिघडलेले गजकर्ण आज देशभरच्या त्वचारोग डॉक्टरांची मोठी डोकेदुखी झाले आहे. वेळेवर योग्य औषध घेतले तर ते काही आठवड्यांत जाते. मात्र खाज थांबली म्हणून औषध थांबवायचे नाही, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे.

कष्टकऱ्याच्या कातडीवर काय काय बेतते हे एकदा नीट पाहिले पाहिजे, कारण निम्मी धास्ती तिथेच मिटते. फवारणीच्या दिवसांत पाठीवरचा पंप गळतो, औषध कमरेवरून ओघळत चड्डीत उतरते आणि नाजूक जागेची कातडी भाजल्यासारखी लाल होते. धुऱ्यावरच्या गाजरगवताचे, ज्याला काही जण काँग्रेस गवत म्हणतात त्याचे, दरवर्षी निंदण करणाऱ्या बायांच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या वळीत चट्टे उठतात. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आले आणि मग साऱ्या देशाच्या धुऱ्यांवर पसरले. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की घामोळ्या आणि केसतोडीचे फोड आलेच. खरूज तर दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांचीच वैरीण. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती आणि पुरुषांच्या इंद्रियावरसुद्धा बारीक पुळ्या येतात. रात्री अंथरुणात पडले की खाज जीव खाते. इंद्रियावर पुळी दिसली की माणूस घाबरतो, पण घरातली लहान लेकरेही त्याच रात्री खाजवत असतील तर शंभरातल्या नव्वद वेळा ती खरूजच समजावी. तिचे मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचे असते, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. एकट्याने लावून उपयोग नाही. कपडे, गोधड्या गरम पाण्यातून काढून कडक उन्हात टाकायच्या.

काही गोष्टी तर रोगच नसतात. पुरुषाच्या इंद्रियाच्या बोंडाच्या कडेला एका ओळीत कातडीच्याच रंगाचे बारीक दाणे असतात. ओठांवर किंवा गुप्तभागावर पिवळट पांढरे ठिपके असतात. ती शरीराची घडणच आहे, औषध नको. या दाण्यांवर तुरटी चोळून, लिंबू पिळून, जंतुनाशक ओतून कातडी सोलून घेणारे महाभाग आहेत. मग जी जखम होते ती मात्र खरी असते.

आता उलटी बाजू. ती आमच्या मते जास्त महत्त्वाची आहे. खाजणारे, आग होणारे, डोळ्यांना ठळक दिसणारे जे असते त्याने माणूस घाबरतो, आणि ते बहुधा साधे निघते. जे खरोखर घर उद्ध्वस्त करू शकते ते अनेकदा दुखतही नाही, खाजतही नाही. गरमी म्हणजे उपदंशाचेच पाहा. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी (कधी दहा दिवसांत, कधी तीन महिन्यांनीही) इंद्रियावर, योनीच्या आत किंवा तोंडात एक फोड येऊन फुटतो. कडा घट्ट, दुखणे नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. माणूस म्हणतो, सुटलो. सुटलेला नसतो. जंतू रक्तात गेलेले असतात. पुढे काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठते, हातापायांच्या तळव्यांवर तांबूस डाग येतात, तेही फारसे खाजत नाहीत आणि तेही आपोआप जातात. नंतर वर्षानुवर्षे काहीच नाही. आणि मग एक दिवस हृदय, मेंदू किंवा डोळे. तळव्यावरच्या न खाजणाऱ्या डागाकडे म्हणून दुर्लक्ष करू नये. व्हीडीआरएल नावाची रक्ताची साधी तपासणी यासाठी आहे. रोग ताजा असेल तर पेनिसिलिनचे चोवीस लाख युनिटचे इंजेक्शन एकदाच द्यावे लागते, जुना असेल तर आठवड्याला एक असे तीन वेळा. इतक्या स्वस्त औषधाने जाणारा रोग आजही लोक लपवून वाढवतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

परमा लपून राहत नाही, निदान पुरुषांत तरी. दोन ते सात दिवसांत लघवीला जळजळ आणि पू. बायांना मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही, आणि आतल्या आत गर्भाशयाच्या नळ्या सुजून पुढे मूल होत नाही. परम्याच्या जंतूवर जुन्या कितीतरी गोळ्या आता चालत नाहीत, तेव्हा मित्राच्या उरलेल्या गोळ्या खाऊ नयेत. द्राक्षाच्या घडासारखे जवळजवळ बारीक फोड, आग आणि काही महिन्यांनी पुन्हा तिथेच तसेच फोड, ही इंद्रियावरची नागीण म्हणजे हर्पिस असू शकते. ती मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहते आणि तिने माणूस मरत नाही. फुलकोबीसारखे मऊ मस आले तर ते डॉक्टरांकडून काढून घ्यावेत. निरोध वापरल्याने यांतले बहुतेक रोग टळतात. नागीण आणि मस मात्र निरोधाने न झाकलेल्या कातडीतूनही लागू शकतात, हे माहीत असावे.

एचआयव्हीबद्दल धास्ती सर्वात मोठी आणि माहिती सर्वात कमी. अंगावरचे चट्टे पाहून एचआयव्ही ओळखता येत नाही. डॉक्टरलाही नाही. ते रक्तच सांगते, आणि तेही लगेच नाही. रात्री चूक झाली आणि सकाळी रक्त तपासले, तर काही निघणार नाही. त्या कागदावर विसंबू नये. सहा आठवड्यांनी आणि मग तीन महिने झाल्यावर तपासणी करावी. तीन महिन्यांनंतरची तपासणी निर्दोष आली, मध्ये नवा धोका घेतला नाही, तर तो प्रश्न तिथे संपला. बलात्कार, सुई टोचणे, निरोध फाटणे असा मोठा धोका घडला असेल तर बहात्तर तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावे. रोग लागू नये म्हणून अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या मिळतात, पण त्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या बऱ्या. आणि रोग निघालाच, तर १ एप्रिल २००४ पासून सरकार त्याची औषधे मोफत देऊ लागले आहे. औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू दबून राहिला तर जोडीदारालाही तो लागत नाही. १९९० च्या दशकात जे मरणाचे फर्मान वाटत होते, ते आज साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांसारखे रोजच्या औषधावर आले आहे.

काही जण मात्र चार तपासण्या निर्दोष येऊनही पाचवी करतात. रोज काखेत, जांघेत गाठी चाचपतात. चाचपून चाचपून जागा दुखू लागते आणि दुखते म्हणजे रोग आहेच असे धरून चालतात. हात धुऊन धुऊन सालपटे निघतात. जेवण जात नाही, वजन उतरते आणि उतरलेले वजन हाच त्यांना पुरावा वाटतो. स्वप्नात वीर्य गेले तर "धात जाते, मी खंगलो" असे म्हणणारेही याच रांगेतले. वीर्य जाण्याने शक्ती जात नाही, हे विज्ञानाने केव्हाच सांगितले आहे. अशा माणसाची टिंगल करू नये. ही भीती हाही एक आजार आहे, त्याला मानसोपचार डॉक्टर असतात आणि तो बरा होतो. पुष्कळदा या भीतीच्या मुळाशी रोग नसून एक ओझे असते, कोणाजवळ तरी बोलून टाकायचे.

आणि हे बोलायचे कोठे, हाच तर आमच्या समाजाचा जुना प्रश्न आहे. आता बाबासाहेबांकडे येऊ. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे नावाचे गणिताचे प्राध्यापक होते, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२७ च्या जुलैपासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, ते १९५३ साली मरेपर्यंत. संततिनियमन, गुप्तरोगांपासून बचाव, स्त्री-पुरुष संबंध असे सारे विषय त्यात स्वच्छ भाषेत असत. वाचक पत्रे पाठवून आपल्या शरीराच्या शंका विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत. आज आमच्या अकोटातला पोरगा मोरीत उभा राहून स्वतःलाच जे प्रश्न विचारतो, त्याच जातीचे ते प्रश्न. सनातन्यांना हे सोसले नाही. पहिल्या खटल्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरूनच पुन्हा अश्लीलतेचा खटला भरला गेला. या दुसऱ्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

दिवस कोणते होते ते ध्यानात घ्या. महाडचा संग्राम होऊन सात वर्षे झाली होती, गोलमेज परिषदा झाल्या होत्या, पुणे करार झाला होता. एवढ्या जबाबदाऱ्या डोक्यावर असताना, ज्या खटल्याने चार लोकांत नाव खराब व्हायचे असा खटला बाबासाहेबांनी घेतला. त्यांची भूमिका अशी होती की, लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही. लोक प्रश्न विचारतात आणि त्यांच्या मनात विकृती आहे असे कोणाला वाटत असेल, तर ती ज्ञानानेच जाईल, तोंड दाबून जाणार नाही. २४ एप्रिल १९३४ रोजी निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. अकरा मते बाजूने पडली, बावन्न विरुद्ध. या खटल्यांवर अजित दळवी यांनी 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिले आणि २०१७ च्या सुमारास ते महाराष्ट्रात गावोगावी झाले. आमच्या जयंतीच्या कार्यक्रमांत बाबासाहेबांची ही बाजू क्वचितच सांगितली जाते. मिरवणुकीच्या चौथ्या डीजेऐवजी एखाद्या वर्षी यावर एक व्याख्यान ठेवायला हरकत नसावी.

कर्वे जिथे खरे बोलत होते, तिथे खोटे बोलून पैसा करणारे आजही भिंती रंगवतात. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यानुसार गुप्तरोग, कोड यांवर उपचाराची अशी जाहिरात करणे हा गुन्हा आहे. तरी लॉजवर खोली घेऊन, रस्त्याकडेला तंबू ठोकून हा धंदा चालतो. त्यांची पद्धत ठरलेली आहे. रोग्याला आधी भरपूर घाबरवायचे, मग शिसीत लघवी धरून दाखवायची, मग "तीन महिन्यांचा कोर्स" सांगायचा. आमच्या हमालाची, रोजमजुराची महिन्याची कमाई अशा एका पुडीत जाते. गजकर्ण झालेल्याला गजकर्णासहित परत पाठवतात, आणि खऱ्या गरमीच्या रोग्याचा मोलाचा वेळ खातात. हा दुसरा गुन्हा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

बायांचे दुखणे वेगळे लिहिले पाहिजे, कारण ते वेगळ्या रीतीने दाबले जाते. अंगावरून पांढरे जाते ही तक्रार आमच्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत जाणारा पातळ, वास नसलेला स्राव हा रोग नव्हे. दह्यासारखा जाड आणि खाज असेल तर बहुधा बुरशी, साखर असलेल्या बायांना ती वारंवार होते. घाण वास, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणे, संबंधाच्या वेळी दुखणे किंवा रक्त जाणे, यांपैकी काही असेल तर थांबू नये. सासू म्हणते, "बाईच्या जातीले हे असंच असते, माय." नसते. ज्या बाईने घराबाहेर पाऊल वाकडे टाकले नाही, तिलाही नवऱ्याकडून रोग लागतो. अनेकदा तो प्रथम तिच्याच तपासणीत कागदावर येतो, आणि मग ठपकाही तिच्यावरच येतो. "तुझ्यात निघालं म्हणजे तुझंच." आमचे स्पष्ट मत आहे की, ज्या घरात असे म्हटले गेले तिथे नवऱ्याचे रक्त त्याच आठवड्यात तपासले पाहिजे. एकट्या बाईला औषध देऊन काही होत नाही, नवरा तसाच राहिला तर रोग पुन्हा तिच्याकडे येतो.

गरोदरपणात तर याला पर्यायच नाही. आईची गरमी पोटातल्या बाळाला लागते, बाळ पोटातच दगावते किंवा व्यंग घेऊन जन्मते. दोन-तीन वेळा सहा-सात महिन्यांचे मूल मेलेले जन्मले की आमच्याकडे अजून देवीचा कोप, करणी, पांढऱ्या पायाची सून अशी कुजबुज होते. दीक्षा घेतलेल्या घरांतही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. व्हीडीआरएल आणि एचआयव्ही या दोन्ही तपासण्या प्रत्येक गरोदर बाईच्या सरकारी दवाखान्यात मोफत होतात. नाव नोंदवायला तिसऱ्या महिन्याच्या आत जावे. आईला वेळेवर पेनिसिलिन मिळाले तर बाळ वाचते.

पंचशीलातले तिसरे शील कामवासनेच्या मिथ्याचारापासून दूर राहण्याचे आहे आणि आम्ही ते मानतो. परंतु शील ही स्वतःच्या आचरणाची शिकवण आहे, दुसऱ्याच्या कातडीवरून त्याचा न्याय करण्याची ती पट्टी नव्हे. ज्याच्याकडून चूक घडली त्यालाही औषध पाहिजे. ज्याच्याकडून घडली नाही, त्याला ते लाजेपोटी न मिळणे हा तर निव्वळ अन्याय. राजगृहातल्या सुप्पबुद्धाची गोष्ट पाली उदानात आहे. तो कुष्ठरोगी होता, अगदी दरिद्री. गर्दी दिसली म्हणून काही खायला मिळेल या आशेने तो तिकडे गेला, तर तिथे तथागत उपदेश करीत होते. हा माणूस धम्म समजू शकेल हे भगवंतांनी त्या साऱ्या गर्दीत ओळखले आणि त्याला समजेल असा उपदेश केला. त्याचे हात पाहून त्यांनी तोंड फिरवले नाही.

कुष्ठरोगाचा विषय येथे आणण्याचे कारण आहे. जो चट्टा फिकट किंवा लालसर आहे, खाजत नाही, आणि ज्यावर टाचणी टोचली, गरम-गार लावले तरी नीट समजत नाही, तो कुष्ठाचा असू शकतो. हीही न दुखणाऱ्या रोगाचीच तऱ्हा. पांढरे कोड वेगळे, त्यात बधिरपणा नसतो आणि ते लागत नाही. आमच्या अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले तेव्हा कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढणे हाच रिवाज होता. आज सहा ते बारा महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी रोग बरा होतो, आणि गोळ्या सुरू होताच तो दुसऱ्याला लागणे थांबते. कुष्ठरोगामुळे घटस्फोट मागण्याची तरतूदही २०१९ मध्ये कायद्यातून काढली गेली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या स्पर्शाचा विटाळ सोसलेली माणसे. आमच्या वस्तीत एखाद्या एचआयव्ही असलेल्या विधवेचे ताट वेगळे ठेवले जात असेल, तर महाडच्या तळ्याचे पाणी आम्ही कशासाठी प्यालो ते विचारायची वेळ आली. ताट, पेला, मिठी, एकाच खाटेवर बसणे यांतून एचआयव्ही लागत नाही. २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, अशा माणसाशी भेदभाव करायला बंदी आहे. त्याच्या संमतीवाचून रक्त तपासायला किंवा त्याचा निकाल दुसऱ्याला सांगायलाही बंदी आहे.

आता जायचे कोठे. अकोटच्या सरकारी दवाखान्यात आधी दाखवावे. सरकारी रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते, तिथे एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि आधी-नंतर समुपदेशक एकांतात बोलतो. गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असते. तिथे लक्षणांप्रमाणे करड्या, हिरव्या, पांढऱ्या, लाल अशा रंगांच्या पाकिटांत औषधे मिळतात, तीही विनामूल्य. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या शंकांसाठी मैत्री क्लिनिक आहे. १०९७ या क्रमांकावर फोनवर, नाव न सांगता, मराठीत विचारता येते. रोग न समजला तर अकोल्याला जावे. २०२२ पासून रेल्वे पुन्हा सुरू झाल्याने ते सोपे झाले आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग आहे. बायांसाठी जिल्हा स्त्री रुग्णालय, म्हणजे जुन्या माणसांचे लेडी हार्डिंग. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हे तिन्ही एकाच डॉक्टरचे विषय आहेत, त्यांचे शिक्षणच एकत्र होते. त्या रांगेत खरजेचे लेकरू घेऊन आई उभी असते, मुरुमांची कॉलेजकन्या असते, गाजरगवताने सुजलेला शेतमजूर असतो. तुम्ही कशासाठी उभे आहात हे शेजारच्याला कळायचा मार्ग नाही.

आत गेल्यावर "खाज आहे" एवढेच सांगून मलम घेऊन येऊ नये. केव्हा उठले, दुखते की नाही, संबंध आला होता का आणि किती दिवसांपूर्वी, आधी कोणते मलम लावले, हे सांगावे. रिकामी ट्यूब सोबत न्यावी. तपासायला दार लावून घ्या असे म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे, बाईला सोबत दुसरी बाई ठेवण्याचाही. डॉक्टर किंवा कंपाउंडर चार लोकांत ओरडून विचारू लागला तर शांतपणे सांगावे, "साहेब, आत बोलतो." पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतले असेल तर त्या दिवशीचा कागद जपून ठेवावा, कारण तीन, सहा आणि बारा महिन्यांनी व्हीडीआरएल पुन्हा करायची असते, आणि आकडा किती उतरला हे आधीच्या कागदाशी ताडूनच कळते. जोडीदाराची तपासणी त्याच फेरीत उरकावी. येण्याजाण्याचे भाडे दोनदा पडत नाही.